मामांची झेन, कॅसेट डेक आणि फोनमधलं भजन

माझ्या मामांकडे १९९८ सालची मारुती झेन आहे. एमएच-०९, म्हणजे कोल्हापूरची, पेट्रोल, पहिल्यापासून एकाच हातात. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पासिंग करून, ग्रीन टॅक्स भरून त्यांनी ती ठेवली आहे. डॅशबोर्डात गाडी घेतली त्याच वर्षी बसवलेला कॅसेट डेक आहे. ऑटो रिव्हर्स आहे, एफएम आणि एएम आहे, मेटल टेपसाठी वेगळं बटण आहे. सीडी नाही, यूएसबी नाही, पुढच्या बाजूला ऑक्सचा, म्हणजे बाहेरचा आवाज वायरनं आत घ्यायचा, जॅकही नाही. दारांत दोन लहान स्पीकर आणि मागच्या ट्रेवर सहा-नऊ इंची दोन ओव्हल.

फेब्रुवारीत आजोबांच्या भजनी मंडळाच्या तीन जुन्या कॅसेट हाती लागल्या. दोघींचा आतला फेल्टचा पॅड गळून पडला होता, टेप कुठंकुठं एकमेकीला चिकटली होती. दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात फिरवून, घरच्या डेकवर एकदाच वाजवून मी त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. मूळ टेप आता पुन्हा लावायची नाही असं ठरवलं, कारण प्रत्येक वेळी हेडवर तपकिरी भुगा जमत होता. फाइली मामांच्या फोनमध्ये टाकल्या. मामांनी घरात एकदा ऐकल्या आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"हे गाडीत लागलं पाहिजे. पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाताना ऐकायचंय. आणि डेक काढायचा नाही, आधीच सांगतो."

म्हणजे कॅसेटमधून निघालेला आवाज फोनमध्ये होता, गाडीत कॅसेटचा डेक होता, आणि दोघांची गाठ पडत नव्हती. फेब्रुवारी ते मे अशी आमची ही खटपट चालली. ती सगळी लिहून ठेवतो, कारण जुन्या गाडीत फोन वाजवायचा म्हटलं की प्रत्येक जण एकेक वस्तू सुचवतो, पण ती वस्तू डेकच्या आत नेमकं कुठं जाऊन मिळते हे कुणी सांगत नाही. माझ्या मते सगळी गोम तिथंच आहे.

डेकच्या आत किती दारं

जुना कॅसेट डेक उघडला की आवाजाची वाट सरळ दिसते. एरियलची तार ट्यूनरला जाते, ट्यूनर त्यातून आवाज काढतो. दुसरीकडे टेपचं हेड आहे. त्याचा आवाज अतिशय बारीक, मिलिव्होल्टच्याही खालचा, म्हणून तो आधी मोठा करायला प्रीअँप लागतो. ट्यूनर आणि टेप हे दोन्ही सिलेक्टरपाशी, म्हणजे रेडिओ की टेप हे निवडणाऱ्या स्विचपाशी, येतात. तिथून व्हॉल्यूम, मग स्पीकर चालवण्याइतका आवाज मोठा करणारा पॉवरचा आयसी, आणि शेवटी स्पीकर.

फोनचा आवाज आत न्यायला यात तीन दारं आहेत. पहिलं एरियलचं, दुसरं टेपच्या हेडचं, तिसरं व्हॉल्यूमच्या तोंडाशी. स्पीकरकडे जितकं सरकावं तितकी आवाजाची मोडतोड कमी. पण पॉवर आयसीच्या पुढं मात्र कधीच जायचं नाही. एका ओळखीच्या माणसानं मामांना सांगितलं होतं की फोनच्या पिनेची वायर सरळ स्पीकरच्या वायरीला जोड, झालं काम. असं करू नका. गाडीच्या बहुतेक डेकमध्ये स्पीकरची दोन्ही टोकं आयसीनं चालवलेली असतात, त्यातलं एकही अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॉडीला जोडलेली वजा बाजू) नसतं. वजा समजून ते टोक बॉडीला लागलं की आयसी जळू शकतो, आणि फोन जोडला तर फोनही.

पहिलं दार: एफएम ट्रान्समीटर

मी यात पडण्याआधीच मामांनी लक्ष्मीपुरीतून सहाशे रुपयांचा एफएम ट्रान्समीटर आणला होता. लाइटर सॉकेटमध्ये बसतो, फोनशी ब्लूटूथनं जोडला जातो, आणि गाडीतल्या गाडीत एक छोटं रेडिओ स्टेशन चालवतो. डेकवर तीच फ्रिक्वेन्सी लावायची. डेकला काहीही न उघडता काम होतं, म्हणून सगळे आधी हेच घेतात, आणि त्यात वावगं काही नाही.

मामांची तक्रार होती की आवाज मागं कुणीतरी चटईवर पाय घासत असल्यासारखा येतो. पहिल्या रविवारी मी गाडीत बसून ऐकलं. त्यांनी ट्रान्समीटर ९८.५ वर ठेवला होता. कोल्हापुरात ९८.३ वर मिर्ची आहे, ९४.३ वर टोमॅटो, १०२.७ वर आकाशवाणी. ताराबाई पार्कात घरासमोर उभ्या गाडीत ९८.३चं मोठं स्टेशन आणि त्याला अगदी खेटून मामांचं हे चिमुकलं स्टेशन. एफएमचा स्वभाव असा की दोन लहरी एकत्र आल्या की जी जोरकस तीच ऐकू येते, दुसरी दबून जाते. त्यात हा डेक काट्याचा, म्हणजे गोल बटण फिरवून काटा सरकवायचा. तो तापला की थोडा सरकतो, आणि जवळ जोरदार स्टेशन असलं की तिकडं ओढला जातो.

ट्रान्समीटर खाली ८८.१ वर नेला. एरियल पूर्ण आत ढकलली. हे उलटं वाटतं, पण एरियल आत गेली की बाहेरची स्टेशनं मंदावतात, आणि ट्रान्समीटर गाडीतच हातभर अंतरावर असल्यानं त्याचं तितकं बिघडत नाही. तिसरी गोष्ट फोनच्या आवाजाची. मामा फोन पूर्ण वाढवून ठेवत. ट्रान्समीटरला प्रमाणाबाहेर जोर दिला की लहर तिच्या ठरलेल्या रुंदीबाहेर जाते आणि गायकाचा आवाज फाटतो. फोन पाऊण भागावर आणून उरलेलं काम डेकच्या बटणावर सोपवलं. या तीन बदलांनी गावातल्या गावात आवाज पुष्कळ सुधारला. रंकाळ्यापर्यंत जाऊन आलो, एकदाही तुटला नाही.

वाडीच्या वाटेवर मात्र तो टिकला नाही. हातकणंगलेच्या पुढं अधूनमधून खरखर, आणि जयसिंगपूरच्या अलीकडं दुसरं कुठलंसं स्टेशन आत घुसलं. कोल्हापुरात जी जागा रिकामी ती पन्नास किलोमीटरवर रिकामी असेलच असं नाही. गाडी चालवत फ्रिक्वेन्सी बदलायची म्हणजे रस्त्यावरची नजर काढायची. मामांनी शिरोळला गाडी बाजूला घेतली आणि ते यंत्र काढून डिकीत टाकलं.

इथं मामांच्या कानाबद्दल सांगायला हवं. मामा तरुणपणापासून देवल क्लबच्या मैफिलींना जाणारे. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात गायले, त्या गावातल्या श्रोत्याला तानपुरा नीट ऐकू यावा लागतो. एफएम ट्रान्समीटरवर सिनेमातलं आजचं गाणं चांगलं वाटतं, कारण ते पहिल्या सेकंदापासून भरगच्च असतं आणि मागची खरखर त्याखाली झाकली जाते. ख्यालाचा सुरुवातीचा आलाप किंवा भजनातली एकट्या गळ्याची पहिली ओळ तशी नसते. तिथं आवाज बारीक असतो, मध्ये शांतता असते, आणि त्या शांततेत पार्श्वभूमीचा प्रत्येक दोष उघडा पडतो. म्हणून तपासणीसाठी मी नंतर प्रत्येक वेळी तानपुऱ्याचं एक मिनिट आणि आजोबांच्या भजनाचं पहिलं मिनिट एवढंच वापरलं. ढोल-ताशाच्या गाण्यावर कोणतीही वायर पास होते.

दुसरं दार: कॅसेटच्या खोक्यातली वायर

कॅसेट अडॅप्टर ही वस्तू मला मनापासून आवडते. बाहेरून कॅसेट, आत टेप नाही. जिथं डेकचं हेड येऊन टेकतं तिथं आतून एक उलटं हेड बसवलेलं, आणि त्याला एक वायर. फोनचा आवाज त्या हेडात चुंबकीय चढउतार तयार करतो, डेकचं हेड ते टेपचेच समजून वाचतं. दोन्ही हेडांच्या मध्ये तारेचा संबंध नाही, फक्त चुंबकाचा. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढं त्याला महत्त्व येणार आहे.

साडेतीनशेला अडॅप्टर मिळाला आणि पहिल्याच पायरीवर अडलो. मामांच्या फोनला गोल पिनेची जागाच नाही, फक्त सी-टाइप. दुकानदारानं सी-टाइपमधून गोल पिनेत जाणारी एक छोटी वायर दिली. ती लावली, फोन मख्ख. अशा वायरी दोन जातीच्या असतात. एकीत फक्त तारा असतात. फोन स्वतः त्या पोर्टातून तयार आवाज बाहेर देत असेल तरच ती चालते, आणि आता बरेच फोन तो देत नाहीत. दुसरीत फोनमधल्या आकड्यांचा आवाज करणारी छोटी चिप असते, जिला डॅक म्हणतात. आम्हाला दुसरी हवी होती. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून दुकानातच आपला फोन लावून ऐकून घ्यावी.

डॅकवाली वायर आणली. आवाज आला, आणि पाच सेकंदांत डेकनं खट् करून बाजू बदलली. परत पाच सेकंद, परत खट्. ऑटो रिव्हर्सचा डेक टेप संपली हे कशावरून ओळखतो? कॅसेटचं चक्र फिरायचं थांबलं की. आमच्या अडॅप्टरमध्ये फिरणारं काही नव्हतं, त्यामुळं डेकला वाटे की टेप संपली. ज्यात आत दातेरी चाकं असतात आणि दोन्ही चक्रं फिरत राहतात तसा अडॅप्टर शोधावा लागला. दुसरा गांधीनगरात मिळाला.

दरम्यान डेकचं हेड साफ केलं. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कान साफ करायच्या काड्या, हेड आणि रबरी रोलर. पहिल्या दोन काड्या गुळाच्या काकवीसारख्या काळपट निघाल्या. मेटलचं बटण दाबलेलं होतं, ते सोडलं. त्या बटणानं वरचे सूर कमी होतात. मेटल आणि क्रोमच्या टेपेवर वरचे सूर जास्त जोरात भरलेले असतात म्हणून तशी सोय असते, आणि अडॅप्टरला तिची गरज नाही. या दोन गोष्टींनी टाळांचा आवाज परत आला. साफसफाईआधी टाळ जणू रुमालात गुंडाळून वाजवत होते.

मार्चभर मामा यावर खूश होते. एफएमच्या तुलनेत खरखर निम्म्याहून कमी, स्टेशनांची भानगड नाही, जयसिंगपूर असो की गगनबावडा, आवाज तोच. ज्यांचा कॅसेट डेक अजून फिरतोय आणि ज्यांना तो उघडायचा नाही, त्यांनी इथंच थांबावं असं माझं प्रामाणिक मत आहे.

आम्ही थांबलो नाही त्याची दोन कारणं. अडॅप्टरमधल्या चाकांचा बारीक किटकिट आवाज शांत जागी ऐकू येई. आणि एप्रिलच्या उन्हात गाडी दसरा चौकात दिवसभर उभी राहिली तेव्हा डेकमध्येच राहिलेल्या त्या प्लास्टिकच्या खोक्याला बाक आला. ते निघेना. चिमट्यानं काढताना डेकचा बेल्ट सुटला.

तिसरं दार: उद्यमनगरातलं टेबल

बेल्ट बदलण्यासाठी डेक बाहेर काढावाच लागणार होता. मामांना म्हटलं, काढायचा नाही असं तुम्ही म्हणालात, पण काढून परत त्याच जागी बसवायचा आहे. ते तयार झाले.

शिवाजी उद्यमनगरात एक वयस्कर मिस्त्री आहेत, चाळीस वर्षं टेपरेकॉर्डर आणि अँपची कामं करतात. आता बहुतेक काम मिरवणुकीच्या साउंडचं. डेक बघून त्यांनी आधी झाकण पुसलं, मग उघडलं.

"मालक, ह्याला ऑक्स काढून देऊ का? टेप मोडायची न्हाई, रेडिओ मोडायचा न्हाई."

मला नेमकं तेच विचारायचं होतं. पुढचे दोन तास मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून होतो. त्यांनी जे केलं ते सविस्तर लिहितो, कारण हे काम जाणणारे हात आता कमी होत चालले आहेत.

व्हॉल्यूमच्या पॉटला, म्हणजे बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरला, सहा पाय असतात: डावा-उजवा मिळून दोन आत येणारे, दोन बाहेर जाणारे, दोन अर्थ. आत येणारे पाय सिलेक्टरपासून येतात. मिस्त्रींनी डेक रेडिओवर ठेवून त्या पायांवर बोट टेकवलं, स्पीकरमधून गुणगुण आली, जागा पक्की झाली. मग सिलेक्टरच्या मागं, ट्यूनरकडून येणाऱ्या दोन रेषा बोर्डावर शोधल्या. त्या रेषा ब्लेडनं कापल्या आणि मध्ये एक पाच पायांचा जॅक घातला, ज्यात पिन नसताना आतले संपर्क जुळलेले असतात. पिन नसेल तर रेडिओचा आवाज त्या संपर्कांतून नेहमीसारखा पुढं जातो. पिन घातली की रेडिओ तुटतो आणि फोनचा आवाज त्याच वाटेनं जातो. टेपच्या रेषांना हातच लावला नाही. रेडिओवर ठेवून पिन घालायची, एवढंच मामांना शिकवायचं.

प्रत्येक बाजूला एकेक कपॅसिटर, म्हणजे डीसी व्होल्टेज इकडून तिकडं जाणार नाही. त्याआधी दोन रेझिस्टरांनी आवाज कमी करून घेतला. मी याचं कारण विचारलं, तर त्यांनी मीटर लावून दाखवलं. ट्यूनर त्या जागी साधारण दोनशे मिलिव्होल्ट देत होता, फोनची वायर पूर्ण आवाजावर जवळपास एक व्होल्ट. पाचपट. तसाच सोडला असता तर मामांना डेकचं बटण एक-दोन घरांच्या वर नेताच आलं नसतं, आणि रेडिओवरून फोनवर जाताना दर वेळी दचकायला झालं असतं.

वायर शिल्डवाली. शिल्डचं टोक त्यांनी पत्र्याच्या खोक्याला न जोडता पॉटच्या अर्थच्या पायालाच जोडलं. "अर्थ जिथनं आवाज घेतो तिथनंच घ्यायचा. पत्र्याला धरला की गाडीचा सगळा कचरा आत येतो." गाडीतल्या आवाजाबद्दल इतकं नेमकं मी कॉलेजात चार वर्षांत ऐकलं नव्हतं.

जॅक राखेच्या ट्रेच्या आत बसवला. समोरून पाहिलं तर डॅशबोर्ड १९९८चाच. मजुरी पाचशे, बेल्टसकट.

एक सावधगिरी. ज्या डेकमध्ये व्हॉल्यूमचं बटण गोल फिरतं पण आत पॉट नसतो, सगळं चिपमध्ये असतं, तिथं ही जागा वेगळी असते. तिथं डेकचा नकाशा असल्याशिवाय हात घालू नये.

शिट्टी

ऑक्सच्या वायरीवर फोन वाजला तेव्हा उद्यमनगरातल्या टेबलावर तानपुरा स्वच्छ होता. मिस्त्री, मी आणि शेजारच्या लेथवरचा पोरगा, तिघंही एक मिनिट काही बोललो नाही.

गाडीत बसवलं, इंजिन सुरू केलं, आणि मागच्या स्पीकरमधून बारीक शिट्टी. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढते, सोडला की उतरते. मामांनी माझ्याकडं पाहिलं. कॅसेट अडॅप्टरवर ही नव्हती.

आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य. अडॅप्टरमध्ये फोन आणि डेक यांच्यात तारेचा संबंध नव्हता. ऑक्सच्या वायरीनं तो आला. दरम्यान आम्ही फोनची वायर टाळण्यासाठी एक ब्लूटूथ रिसीव्हर घेतला होता, चारशे रुपयांचा, तो लाइटर सॉकेटच्या चार्जरवर चालत होता आणि त्याची पिन डेकच्या नव्या जॅकमध्ये. म्हणजे रिसीव्हरचा अर्थ दोन वाटांनी गाडीशी जोडला गेला: एक चार्जरमधून सॉकेटच्या अर्थला, दुसरी आवाजाच्या वायरीच्या शिल्डमधून डेकच्या अर्थला. अल्टरनेटर तयार करतो एसी, आतले डायोड त्याचा डीसी करतात, पण थोडी लाट राहतेच. ती लाट बॉडीच्या पत्र्यातून आणि अर्थच्या तारांतून वाहते, त्यामुळं सॉकेटचा अर्थ आणि डेकचा अर्थ यांत काही मिलिव्होल्टांचा फरक पडतो. तो फरक शिल्डमधून वाहतो आणि डेक त्याला आवाज समजून मोठा करतो. इंजिन जोरात फिरलं की लाटेची गती वाढते, शिट्टी चढते.

हे खरंच असं आहे का हे ओळखायला पाच मिनिटं लागतात. रिसीव्हर चार्जरवरून काढून पॉवर बँकवर लावला. शिट्टी गायब. परत चार्जरवर, परत शिट्टी. एवढ्यावरून दोष डेकमध्ये नाही, अल्टरनेटरमध्येही नाही, हे ठरतं. मामांना एका गॅरेजमध्ये अल्टरनेटर बदला म्हणून सांगितलं होतं. मीटर लावला तर इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट, अगदी हवे तसे. बदलला असता तर काही हजार रुपये जाऊन शिट्टी तिथंच राहिली असती. ही चाचणी केल्याशिवाय कुणीही अल्टरनेटरला हात लावू देऊ नये, हे मी कळकळीनं सांगतो.

उपाय दोन. पहिला, आवाजाच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर घालायचा. त्याच्या आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज चुंबकातून पलीकडे जातो, अर्थ तुटतो. म्हणजे कॅसेट अडॅप्टरचीच युक्ती, वेगळ्या कपड्यात. तो लावला, शिट्टी पूर्ण गेली, पण मृदंगाचा डावा हात पोकळ झाला. स्वस्त आयसोलेटरमधले ट्रान्सफॉर्मर हरभऱ्याएवढे असतात, खालचे सूर त्यांना पेलत नाहीत. मामांच्या लगेच लक्षात आलं. "धुमाळी येतीया, पण घुमत न्हाई."

दुसरा उपाय आवाजाला न छेडता वीज वेगळी करण्याचा. बी०५०५एस नावाचा एक छोटा काळा ठोकळा मिळतो, चार पायांचा: पाच व्होल्ट आत, पाच व्होल्ट बाहेर, पण दोन्ही बाजूंचे अर्थ आतून तुटलेले. एक वॉटचा, म्हणजे दोनशे मिलिअँपिअर देतो. फोन चार्ज करायला तो पुरणार नाही, पण रिसीव्हरला भरपूर झाला. गाडीच्या बारा व्होल्टांवरून पाच करणारा कन्व्हर्टर, त्यापुढं हा ठोकळा, दोन्ही बाजूंना एकेक कपॅसिटर, मग रिसीव्हर. शिट्टी नाही आणि मृदंग घुमतो. इंजिन बंद असतानाही रिसीव्हरमधून जो बारीक चिरचिर आवाज यायचा तोही गेला. तो आधी माझ्या कानाला लागलाच नव्हता, गेल्यावर कळला.

वीज कुठून घेतली तेही सांगतो. डेकच्या मागं सहसा पिवळी तार बॅटरीची, कायम चालू, लाल तार चावीवरची, काळी अर्थ. रिसीव्हर पिवळीवर घेतला तर गाडी उभी असतानाही तो वीज पीत राहतो, आणि मामांची गाडी आठवड्यातून दोनदाच निघते. म्हणून चावीवरच्या तारेवर घेतला, मध्ये एक अँपिअरचा फ्यूज. पण रंगांवर विश्वास ठेवू नका. या गाडीत १९९८ला ज्यानं डेक बसवला त्यानं हाताला येईल ती तार वापरली होती; लाल दिसणारी तार प्रत्यक्षात डाव्या मागच्या स्पीकरची निघाली. मीटरनं तपासूनच जोडलं.

ब्लूटूथनं आवाज खराब होतो का, असं मला दोघांनी विचारलं. ब्लूटूथ आवाज दाबून पाठवतं हे खरं, पण या गाडीत, या स्पीकरवर, इंजिनच्या आवाजात ते दुबळं टोक नाही. डॅकवाली वायर आणि रिसीव्हर आलटून पालटून वाजवले, मामांना डोळे मिटून ओळखता आले नाहीत.

यूएसबीवाल्यांसाठी

हे चालू असताना शेजारच्या काकांनी त्यांची २०१०ची गाडी आणून उभी केली. तिच्या डेकला यूएसबी आहे, फोन वायरनं जोडला तर डेक "नो फाइल" म्हणतो. डेक बिघडलेला नाही. तो पेन ड्राइव्ह वाचायला शिकलेला आहे. अँड्रॉइडचे फोन पूर्वी पेन ड्राइव्हसारखे दिसायचे, नंतर त्यांनी एमटीपी नावाची वेगळी पद्धत धरली, ती या डेकला कळत नाही. बत्तीस जीबीचा किंवा त्याहून लहान पेन ड्राइव्ह घ्यायचा, फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा, गाणी एमपी३ ठेवायची. काका दहा मिनिटांत घरी गेले.

हिशेब आणि माझं मत

ट्रान्समीटर सहाशे, दोन अडॅप्टर आणि दोन सी-टाइप वायरी मिळून बाराशेच्या आसपास, मिस्त्री पाचशे, रिसीव्हर चारशे, आयसोलेटर आणि ठोकळा वगैरे चारशे. तीन हजार शंभर. एवढ्यात ब्लूटूथ असलेला नवा डेक त्याच मापाच्या खिडकीत बसला असता. डेकच्या खिडकीचं माप जुनंच आहे, १८० बाय ५० मिलिमीटर, त्यामुळं डॅशबोर्ड कापावाही लागला नसता. ज्यांना डेकबद्दल काही वाटत नाही, ज्यांचा टेप कधीच बंद पडलाय, त्यांनी नवा घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

पण चुकत-माकत न जाता आम्ही थेट तिसऱ्या दारानं गेलो असतो तर हजार-अकराशेत काम झालं असतं, डेकही राहिला असता. आणि मामांनी तो का ठेवला हे मला मे महिन्यात कळलं. नवा बेल्ट बसल्यावर त्यांनी कपाटातून एक कॅसेट काढली, मामींची, लग्नाआधी शाळेच्या गॅदरिंगला गायलेली. ती मी अजून फोनवर उतरवलेली नव्हती, मला माहीतच नव्हती. डेकमध्ये घातली आणि ती वाजली.

त्या पौर्णिमेला पहाटे साडेपाचला निघालो. रिसीव्हर चावी फिरवल्यावर आपोआप फोनला जोडला जातो, त्यामुळं भजन घरासमोरच लावून फोन मामींच्या पर्समध्ये गेला. हातकणंगले गेलं, जयसिंगपूर गेलं. मूळ रेकॉर्डिंग मोनो आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज, आणि त्यामुळंच शिरोळच्या अलीकडं एक गोष्ट ध्यानात आली: आवाज मधून यायला हवा, तो थोडा डावीकडं झुकत होता. उजव्या मागच्या स्पीकरची कडेची फोमची गोट वाळून तडकली आहे. वाडीला घाटावर गाडी लावून जाळी काढून पाहिली, बोट लावलं तर गोट पिठासारखी हातात आली. त्या मापाची गोट मिळते, चिकटवून स्पीकर वाचतो. मिस्त्रींना फोन केला, तर म्हणाले, सोमवारी आणा, गोंद वाळायला एक दिवस लागंल.